कासियानचे डोळे

त्या रविवारी टाळ्या मला मिळाल्या, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की हा माणूस स्वतःच्या सोयीचं तेवढंच सांगतो. ओबररीड गावच्या चर्चच्या सभागृहात साठ-सत्तर माणसं होती आणि त्यातल्या निम्म्याअधिकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी मान झुकवून त्या घेतल्यासुद्धा.

माझं नाव ओटमार हास्लबेक. जुन्या वस्तूंची पारख करणं हा माझा धंदा. चित्रकलेच्या इतिहासात डॉक्टरेट केलीय, आणि आमच्या दक्षिण जर्मनीतल्या बायर्नमध्ये दारावरच्या पाटीला 'डॉ.' लागलं की माणूस वीतभर उंच होतो. मीही झालो होतो. वर्षातून दहा-बारा रविवारी मी या जंगलपट्टीतल्या गावांना जायचो. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटपली की सभागृहात कॉफी, केक आणि मी. लोक माळ्यावरनं काढलेलं काहीबाही घेऊन यायचे आणि मी माइकवरून सांगायचो, हे काय आहे, कधीचं आहे, विकलं तर काय येईल. मी पैसे घ्यायचो नाही. केकचे जे जमतील ते चर्चच्या छपराला जायचे.

आता वाटेल, केवढा भला माणूस. कसला भला! मला लोकांना हसवायची चटक लागली होती. आणि हमखास हशा मिळायचा तो देवाच्या छापील चित्रांवर. आमच्याकडे एके काळी लग्नात नव्या जोडप्याला पलंगाच्या डोक्याशी टांगायला असलं एक चित्र मिळायचंच मिळायचं. कारखान्यात हजारांनी छापलेलं, वर जाड वार्निश, त्या वार्निशात ब्रशचे खोटे फटकारे उठवलेले, आणि सोनेरी चौकट. नातवंडांना वाटतं, आजोबांनी थोर चित्रकार राफाएलचं अस्सल चित्र दडवून ठेवलंय. मग मी भिंग लावून छपाईचे ठिपके दाखवायचो आणि म्हणायचो, "हा राफाएल दुपारच्या पाळीत छापलाय." की माणसं लोळायचीच.

वालबुर्गा स्टांगल अकराव्या नंबरवर होती. साठीच्या आसपासची बाई, अंगात मिस्सेचा चांगला कोट. चित्र तिनं उशीच्या अभ्र्यात घालून आणलं होतं आणि दोन्ही हातांवर आडवं धरलं होतं. टेबलावर ठेवताना ते जराही आपटू नये म्हणून ती आधी स्वतः वाकली, मग हात काढून घेतले.

"डॉक्टरसाहेब, मला किंमत नकोय," ती हळूच म्हणाली. "एकच विचारायचं होतं. तो चेहऱ्याचा रंग—"

"चेहऱ्याकडे येतोच मी," मी माइकमध्ये म्हणालो. "घाई कसली, बाई? बाळ काय पळून चाललंय?"

लोक हसले.

तिला विचारायचं होतं ते एवढंच, की बाळाच्या हनुवटीपाशी रंगाचा पापुद्रा सुटायला लागलाय, तो पुन्हा चिकटवायचा कसा? तिची आई इस्पितळात होती, खुब्याचं हाड मोडलेलं, आणि बुधवारी घरी यायची होती. त्याआधी तो चेहरा वाचवायचा होता. हा एक प्रश्न घेऊन बाई डोंगरावरच्या वाडीतून चालत आली आणि मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. पुढे जे झालं ते सगळं त्या अर्ध्या वाक्यामुळे झालं.

चित्र राफाएलच्या प्रसिद्ध मरियामातेचं होतं. मूळ चित्र ड्रेस्डेनला आहे, नकला घरोघरी. त्यातल्या बाळ येशूला कशासाठी ओळखतात, तर डोळ्यांसाठी. मोठे, सताड उघडे, थेट आपल्याकडे बघणारे डोळे. या चित्रातल्या बाळाचे डोळे मात्र मिटलेले होते. चेहरा कुणीतरी वरून रंगवला होता, आणि तोही दारा-खिडक्यांना लावतात त्या तैलरंगात, जाड थरांनी. गाल निळसर, ओठ बारीक आणि गच्च दाबलेले. बाकी सगळं छापील.

"मंडळी, माल छापील आहे, चौकटीचे पंधरा युरो मिळाले तरी नशीब समजा," मी म्हणालो. "पण गंमत बघा! कुणा हौशी रंगाऱ्यानं राफाएलवर हात साफ केलाय. बाळ येशूला चक्क झोपवलंय यानं. त्या दिवशी फादरचं प्रवचन लांबलं असणार!"

असा हशा उठला की मलाच पुढचं बोलवेना. मग मला आणखी चेव आला.

"थांबा बाई, तुमचं एक काम फुकटात करून देतो."

मी पेटीतून औषधाची बाटली काढली, लाकडी काडीला कापूस गुंडाळला. हे आमचं नेहमीचं काम. वरून फासलेला रंग वार्निशवर बसलेला असतो. खालचं वार्निश विरघळवलं की वरचा रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा निघून येतो. वालबुर्गानं हात पुढे केला. मला वाटलं, चौकट धरायला मदत करतेय. मी तिला म्हणालो, "असू द्या, असू द्या, मला सवय आहे." हनुवटीपासून सुरुवात केली, तिथे सुटलेलंच होतं. एक काडी, दुसरी काडी, पाच-सहा काड्या झाल्या. गाल गेले, ओठ गेले. शेवटी पापण्या. त्यांच्याखालून ते मोठे छापील डोळे बाहेर आले, अगदी टवटवीत.

मी चित्र उचलून लोकांपुढे धरलं. "जागं झालं बघा!"

टाळ्या पडल्या त्या तेव्हा. मागच्या दोन रांगांत गावातली म्हातारी माणसं बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, नुसती बघत होती. मला वाटलं, भारावून गेलीत.

वालबुर्गानं चित्र अभ्र्यात घातलं. घालताना चेहरा तिनं स्वतःकडे वळवून घेतला, तेही मी पाहिलं, आणि त्याचाही मी माझ्या सोयीचा अर्थ लावला. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "देव तुमचं भलं करो, डॉक्टरसाहेब." आमच्याकडे आभार असेच मानतात. समोरच्यानं काहीही दिलं तरी हेच म्हणायचं, लहानपणापासून जिभेवर बसलेलं असतं.

त्यावर मी काय म्हणालो असेन? "अहो, त्यात काय!"

*

कार्यक्रम संपल्यावर मी केकच्या टेबलाशी गेलो. तिथे रोसविटा होती, चर्चची सगळी उस्तवार बघणारी, पंचाहत्तरीची, खणखणीत बाई. दर वेळी माझ्यासाठी चेरीच्या केकचा मोठा तुकडा काढून ठेवायची.

"केक संपला," ती म्हणाली.

समोर अर्धा केक तसाच होता. "मग हा कुणाचा?" मी हसून विचारलं.

"हा माणसांसाठी आहे."

मला वाटलं, थट्टा करतेय. तिनं चाकू खाली ठेवला, ॲप्रनला हात पुसले आणि मला बाजूला, कोट टांगायच्या खुंट्यांपाशी नेलं.

"डॉक्टर, तुम्ही आज कुणाचं तोंड पुसलंत, ठाऊक आहे?"

"बाळ येशूचं. म्हणजे, त्याच्यावरचं—"

"कासियानचं," ती म्हणाली. "वालबुर्गाच्या भावाचं."

आणि मग तिनं सांगितलं. मी तिच्याच शब्दांत सांगतो, कारण माझे शब्द त्या दिवशी मी नको तिथे उधळून बसलो होतो.

"सत्तावन्न साल होतं. मी पोर होते, पण मला सगळं आठवतंय. वालबुर्गाच्या आईला, त्सेंत्साला, पहिला मुलगा झाला तो मेलेलाच. सुईणीनं घाईनं पाणी शिंपडून बाप्तिस्मा द्यावा, तर त्याला निदान एक श्वास तरी हवा ना? तेवढाही नव्हता. बाप्तिस्मा नाही म्हणजे नाव नाही, नाव नाही म्हणजे दफनभूमीत जागा नाही. कुंपणाबाहेर पुरला त्याला, साबणाच्या खोक्यात. फोटो कोण काढतंय असल्या पोराचा? बाप एंगेलबर्ट रंगारी होता. दारं-खिडक्या रंगवायचा, चित्रं नाही. त्यानं काय केलं, लग्नात मिळालेलं ते चित्र उतरवलं आणि येशूच्या तोंडावर आपल्या पोराचं तोंड काढलं. जसं पाहिलं तसंच. डोळे मिटलेले, कारण उघडलेले त्यानं कधी पाहिलेच नव्हते."

मी खुंटीवरचा कुणाचातरी कोट घट्ट धरून उभा होतो.

"अजून संपलं नाही," रोसविटा म्हणाली. "ऑगस्टात मरियेच्या सणाला आपण वनस्पतींच्या जुड्या घेऊन मिस्सेला जातो की नाही? फादर रांगेरांगेतून पवित्र पाणी शिंपडत येतात. त्या वर्षी एंगेलबर्ट चित्र छातीशी धरून उभा राहिला, वर मोठ्ठी जुडी. तेव्हाचे फादर कडक होते. फादर समोर आले, कुंचा उचलला, आणि त्याच क्षणाला यानं जुडी बाजूला केली. पाणी थेट पोराच्या तोंडावर! फादरना कळलं की नाही, देव जाणे. पण अख्ख्या चर्चनं बघितलं. कुणी ब्र काढला नाही. मिस्सेनंतर बाहेर आल्यावर माझ्या बापानं पहिला जाऊन विचारलं, 'एंगेलबर्ट, नाव काय ठेवलंस?' म्हणाला, 'कासियान.' सगळ्या गावानं हात मिळवला त्याच्याशी."

"मग तुम्ही थांबवलं का नाही मला?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मागे बसला होतात सगळे!"

तिनं मागच्या दोन रांगांकडे बघितलं. मग म्हणाली, "तुम्ही डॉक्टर. हातात माइक. आम्हाला वाटलं, एवढा शिकलेला माणूस, त्याला कळत असेल तो काय करतोय. आणि वालबुर्गा बोलत नाहीये तर आपण कसं बोलायचं? बसून राहिलो. आमची लाज आमच्यापाशी आहे, डॉक्टर. तुमची तुम्ही बघा."

मला लाज वाटली असं म्हणणं फार सोपं आहे. लाज काय, चुकीच्या नावानं हाक मारली तरी वाटते. मला माझ्या हातांची किळस आली. बोटांना अजून त्या बाटलीतल्या औषधाचा वास येत होता.

*

वालबुर्गाचं घर वाडीच्या टोकाला. मी पोचलो तेव्हा ऊन होतं आणि ती अंगणात, मिस्सेच्याच कोटात, बाकावर बसली होती. मला बघून ती उठून उभी राहिली. म्हणजे बघा, मी तिचं हे केलं होतं आणि ती माझ्यासाठी उठून उभी राहिली.

"बाई, बसा. कृपा करून बसा," मी म्हणालो. "मला आत्ता कळलं. मला माहीत नव्हतं."

"कसं असणार?"

"तुम्ही एक शब्द बोलला असतात तर..."

"बोलले की," ती म्हणाली. "अर्धा बोलले."

मी टोपी काढून हातात घेतली. मग बडबडायला लागलो. मी परत रंगवून देतो, मी उत्तम माणूस आणतो, म्युनिकला माझ्या ओळखीचे आहेत, खर्चाचं तुम्ही बघू नका. ती ऐकून घेत होती.

"कशावरून रंगवणार?" ती म्हणाली. "फोटो नाही त्याचा. ज्यांनी पाहिला होता त्यातले बाबा गेले, सुईण गेली. आई तेवढी उरलीय. तिला विचारणार?"

मी बाकाच्या कडेला टेकलो.

"आई रोज निजताना त्याला 'नीज रे' म्हणते. साठ वर्षं झाली. बुधवारी ती येईल, पलंगावर पडेल आणि वर बघेल. मी काय सांगू तिला?"

"मी सांगेन," मी म्हणालो. "मी बुधवारी येतो आणि माझ्या तोंडानं सांगतो."

तिनं मान डोलावली. मग एकदम तिला काहीतरी आठवलं आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "तो कापूस कुठाय?"

"कापूस?"

"पुसलात तो. काड्यांवरचा. कुठे टाकलात?"

"तिथेच... डब्यात."

"केराच्या डब्यात?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, त्याच्यावर पवित्र पाणी पडलंय. तो बाप्तिस्मा होता त्याचा. आणि तुम्ही तो केरात टाकलात?"

मी धावतच गाडीकडे गेलो. सभागृहात रोसविटा फरशी पुसत होती. तिनं काही न विचारता मागच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथे तीन काळ्या पिशव्या होत्या, तोंडं बांधलेल्या. मी कोट काढला, दगडी पायरीवर गुडघे टेकले आणि एकेक पिशवी उपसायला लागलो. कॉफीचा चोथा, कागदी बश्या, चाटून टाकलेले चमचे, केकवरचं क्रीम.

रोसविटा दारात येऊन उभी राहिली. "काय डॉक्टर, काय भाव लागला कचऱ्याला?"

"टोमणे मारा, बाई. मारा. पण थोडी बाजूला व्हा, उजेड अडतोय."

ती बाजूला झाली. थोड्या वेळानं माझ्याशेजारी बसून दुसरी पिशवी उपसायला लागली.

काड्या दुसऱ्या पिशवीत सापडल्या, कॉफीत भिजलेल्या. कापसाला चिकटलेले पापुद्रे होते, बहुतेक चुरा झालेले, कुठले गालाचे न् कुठले हनुवटीचे सांगणं अशक्य. एकच तुकडा धड होता. तांदळाच्या दाण्याएवढा. मी खिशातून भिंग काढलं, ज्या भिंगानं मी लोकांना ठिपके दाखवायचो तेच. तुकड्यावर एक पापणी होती, आणि तिच्या कडेला पाच केस, एकेक वेगळा काढलेला. दारा-खिडक्या रंगवणाऱ्या माणसानं एवढा बारीक ब्रश कुठून आणला असेल? स्वतःचे केस तोडून बांधला असेल. मी त्याला हौशी रंगारी म्हणालो होतो, माइकवरून.

रोसविटानं चूल पेटवायची काडेपेटी रिकामी करून दिली. त्यात ते सगळं ठेवलं.

*

बुधवारी मी दहालाच जाऊन बसलो. काय बोलायचं ते गाडीत तीनदा म्हणून पाहिलं होतं. काडेपेटी वालबुर्गाला दिली. तिनं ती उघडून बघितली नाही, ॲप्रनच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात ठेवूनच वावरत राहिली. चित्र तिनं पलंगाच्या डोक्याशी परत लावलं होतं. दुसरं करणार काय?

रुग्णवाहिकेच्या माणसांनी म्हातारीला आत आणलं. त्सेंत्सा स्टांगल, एवढीशी बाई, पांढऱ्या वेणीची. ऑपरेशनच्या भुलीनंतर तिचं डोकं कधी इथे असायचं, कधी साठ वर्षं मागे, असं वालबुर्गानं मला सांगून ठेवलं होतं. तिला पलंगावर टेकवलं. तिनं सवयीनं मान वळवून वर बघितलं.

मी पुढे झालो. "आजीबाई, मी—"

"बुर्गल," म्हातारी लेकीला म्हणाली. "बुर्गल, अगं, उठलाय तो!"

वालबुर्गा भिंतीला टेकली.

"बघ की! डोळे उघडलेन्! कसे मोठ्ठे आहेत, एंगेलबर्टसारखे. मी म्हणत होते की नाही, त्याच्यावर जातील म्हणून? कधी उठला? कुणी उठवलं?"

वालबुर्गानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. "ह्यांनी," ती म्हणाली.

म्हातारीनं दोन्ही हातांत माझा हात घेतला. सालपटासारखे कोरडे हात. "देव तुमचं भलं करो, साहेब," ती म्हणाली. "देव तुमचं भलं करो."

गाडीत तीनदा म्हणून पाहिलेलं सगळं तसंच राहिलं. मी सांगितलं नाही. मी त्या बाईचे आभार घेतले आणि मान झुकवली, त्या रविवारी झुकवली होती तशीच. मग टोपी उचलून निघालो आणि कोपऱ्यावर गाडी थांबवून स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडलो. आनंदाचं रडणं नव्हतं ते. चोरी पचली म्हणून रडतं का कुणी? मी रडलो.

पण चोरी पचली नव्हती. बाराव्या दिवशी वालबुर्गाचा फोन आला.

"आई झोपत नाही," तिनं नमस्कारही न करता सांगितलं. "दोन आठवडे होत आले. बाळ जागं आहे म्हणते, टक्क बघतंय माझ्याकडे. त्याला भूक लागलीय, दूध गरम कर. करते मी गरम, आणून ठेवते. मग म्हणते, पीत का नाही? त्याला काय झालंय? आणि मग, डॉक्टरसाहेब, तिला आठवतं त्याला काय झालंय. रोज नव्यानं आठवतं. साठ वर्षांपूर्वी एकदा रडली होती, आता रोज रडते."

मी चित्र उतरवून ठेवायला सुचवलं.

"चित्र काढून ठेवलं तर बाळ कुठे नेलंत म्हणून हंबरडा फोडते. तुम्ही उठवलंत त्याला. तुम्हीच येऊन झोपवा." आणि तिनं फोन ठेवला.

तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या हाताला नावं ठेवून पोट भरलं. स्वतः कधी ब्रश धरला नव्हता. म्युनिकच्या माणसाला बोलावता आलं असतं. तसं मी सुचवलंही. वालबुर्गा म्हणाली, "परका नको." म्हणजे मी आता परका नव्हतो. शत्रू म्हणा, पण घरातला.

तीन दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. म्हातारी बाहेर अंगणात, शेजारीण तिच्यापाशी. पहिल्या दिवशी काडेपेटीतून चिमट्यानं तो पापणीचा दाणा उचलला आणि सरसाच्या थेंबावर, डाव्या डोळ्यावर, बसवला. तेवढं अस्सल. बाकीचा चुरा वाटून तेलात कालवला, त्यात एंगेलबर्टच्याच जुन्या डब्यातला घट्ट झालेला रंग घातला आणि रंगवायला घेतलं. वालबुर्गा मागे उभी राहून सांगायची.

"गाल एवढे लाल नव्हते. निळे."

"हे असे?"

"आणखी. तो मेला होता, डॉक्टर, गावजत्रेला नव्हता निघाला."

"आणि ओठ?"

"गच्च. आणखी गच्च. हां. आता नाक बिघडवलंत."

उजवी पापणी चारदा पुसून पाचव्यांदा जमली, तीही डावीपेक्षा खाली उतरलेली. चेहरा वाकडा झाला. तो कासियान नव्हता, येशूही नव्हता. कुणा घाबरलेल्या माणसानं काढलेलं एक निजलेलं पोर होतं. कुणी ते माझ्यापुढे टेबलावर आणून ठेवलं असतं तर मी सबंध हॉल हसवला असता.

तिसऱ्या दिवशी चार वाजता ते टांगलं. म्हातारीला आत आणलं. तिनं वर बघितलं, बराच वेळ बघत राहिली. मी दाराशी उभा.

"निजला," ती म्हणाली. "नीज रे." आणि कूस वळवून स्वतःही झोपली, भर दुपारी, तोंड उघडं टाकून.

वालबुर्गा मला दारापर्यंत सोडायला आली. आभार मानले नाहीत, आणि त्याबद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहे. ती एवढंच म्हणाली, "पण हा कोरडाच आहे."

मला कळलं. तुकडाभर पापणी सोडली तर या चेहऱ्यावर पाणी पडलेलं नव्हतं.

*

ऑगस्टात मरियेच्या सणाला ओबररीडचं चर्च ओसंडून वाहत होतं. बायकांच्या हातात वनस्पतींच्या जुड्या, पुदिन्याचा आणि गवताचा वास. मी बाजूच्या रांगेत उभा राहिलो, चित्र छातीशी धरून. वर रोसविटानं बांधून दिलेली जुडी. वालबुर्गा आईपाशी घरी थांबली होती. ती म्हणाली होती, "तुम्हीच न्या." आणि सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या ते, आणि ज्यांनी वाजवल्या नव्हत्या तेही. माझे कान तापले होते. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला इतकी लाज वाटू शकते, हे मला माहीत नव्हतं.

फादर नवे होते, दोनच वर्षांपूर्वी केरळातून आलेले, हसतमुख. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. कुंचा शिंपडत ते रांगेतून आले, माझ्यापुढे थांबले. मी जुडी बाजूला केली.

फादरनी चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला ते ओळखत होते, एक तो रविवार सोडला तर माझ्या कार्यक्रमांना ते पुढच्या खुर्चीत बसायचे. कौतुकानं, मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं, "अरे वा, डॉक्टर! काहीतरी मौल्यवान सापडलेलं दिसतंय. काय आहे हे?"

मागची रांग उभी राहिली होती, बाकांचा आवाज मी ऐकला. तीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर मी चटकन, हशासकट देत आलो होतो.

"छापील आहे, फादर," मी म्हणालो. "चेहऱ्यावर जरा जास्त पाणी पडू द्या."